सुटलेलं वजन

तराजूकाकांना तोंडावर कुणी तराजूकाका म्हणत नसे आणि पाठीमागे दुसरं काही म्हणत नसे. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानोदुकानी जायचं, तराजू बघायचा, वजनं मागायची, ती आपल्याजवळच्या पितळी वजनांशी ताडून बघायची, आणि बरोबर निघाली तर वजनाच्या बुडाशी असलेल्या शिशाच्या गोळीवर त्या सालाचा ठसा हातोडीनं ठोकायचा. खोटी निघाली तर जप्ती. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून मखमली खळग्यांची ती वजनांची पेटी परत घेतली, चिमटा परत घेतला, ठसा परत घेतला. नजर तेवढी परत घ्यायची राहिली, आणि त्याचे भोग सगळ्या ओळखीच्यांच्या वाट्याला आले. कुणाकडे चहाला गेले तरी ते साखरेचा डबा हातात तोलून बघत. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू घरी पुन्हा मोजत, आणि वीस ग्रॅम कमी भरले तर भर उन्हात परत जाऊन भाजीवाल्याला चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवत. त्या बिचाऱ्यानं धास्तीनं दोन बटाटे जास्त घातले तर तेही परत करायला जात, आणि तेव्हाही ऐकवत. अशा माणसाचं कौतुक लोक करतात, पण लांबून.

अशा माणसाच्या हाती दुसऱ्यांच्या श्रद्धेची परीक्षा देऊ नये, एवढं त्यांच्या चर्चच्या पंचांना कळायला हरकत नव्हती. कळलंही असेल, पण काम करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. तिथे रीत अशी होती की प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या त्या मेजाशी, पहिल्यांदा यायचं तर आधी तोंडी परीक्षा द्यायची. ती तीस वर्षं तराजूकाकाच घेत होते, आणि तीही स्वतः लिहिलेल्या पुस्तिकेवरून. हिरवा पुठ्ठा, बावीस प्रश्न, बावीस उत्तरं. उत्तर बरोबर आलं की काका डोळे मिटून ‘बरोबर’ म्हणत. शाबास नाही, छान नाही. किलो किलोइतका भरला तर त्यात शाबासकी कसली, असं त्यांचं मत होतं.

बावीसच्या बावीस प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येत: देवाचा पुत्र हा पुत्र कधी झाला? या खड्ड्यात भली भली माणसं पडली. बेकरीवाला म्हणाला, नदीवर बाप्तिस्मा झाला आणि आकाशातून ‘हा माझा पुत्र’ असा आवाज आला, तेव्हा झाला. नापास. वायरमन म्हणाला, मेलेल्यातून उठला तेव्हा. नापास. शिवणकाम करणाऱ्या विधवा बाई म्हणाल्या, गोठ्यात जन्मला तेव्हा, आणखी कधी? त्या तीनदा परीक्षेला बसल्या आणि तीनदा नापास झाल्या, कारण तिन्ही वेळा त्यांना ते तान्हं बाळच डोळ्यांपुढे दिसलं. त्या मेजावर अंथरतात ती पांढरी चादर त्यांनीच शिवली होती. चादर पास झाली होती.

पंचाईत अशी की काका बरोबर होते. चुकीचा माणूस खवट असला तर त्याला दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं. बरोबर असलेल्या खवट माणसाचं काय करायचं? पुत्र कधी झाला या प्रश्नाचं उत्तर एकच, की तो झालाच नाही, तो आहे. गोठ्यात तो माणूस झाला. पुत्र तो त्याच्या आधीही होता, डोंगर-समुद्रांच्या आधी, पहिल्या दिवसाच्याही आधी. मुलाशिवाय बाप कसला? देव एक दिवस जरी पुत्राविना राहिला असता तरी त्या दिवसापुरता तो पिता नव्हता असं म्हणावं लागेल. आणि आज एक, उद्या दुसरा असा देव काय कामाचा? हे काका इतकं स्वच्छ सांगत की ऐकणाऱ्याला क्षणभर खरंच काहीतरी मोठं दिसल्यासारखं वाटे. तेवढ्यात काका ‘नापास’ म्हणत आणि जे दिसलं ते जाई.

बेकरीवाल्याला त्यांनी दिलेलं उत्तर तर गाजलं होतं. ‘ठसा मारल्यानं किलो किलो होत नाही,’ काका म्हणाले होते. ‘किलो होता म्हणून ठसा मारला. आकाशातला आवाज हा ठसा. पुत्र आधीच होता.’ हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं की पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते तेराव्या उत्तरात घातलं. पाळकांनाही आवडलं. त्यांनी ते तीन प्रवचनांत वापरलं आणि तिन्ही वेळा ते आपल्यालाच सुचल्यासारखं वर बघून म्हटलं. पाळक हा गोड माणूस होता. भांडण दिसलं की त्यांना कुठंतरी चहाला जायचं असे.

परीक्षेचे नियमही काकांचेच. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापलं होतं: क्रम सोडू नये, एक जरी प्रश्न सुटला तर परीक्षा नापास. यामागे एक जुना किराणा दुकानदार होता. त्याच्या दुकानात काकांनी एकदा सगळी वजनं मागितली. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी ओळीनं मांडली गेली, मधलं पाव किलो तेवढं नाही. हरवलं साहेब, दुकानदार म्हणाला. आणि गल्ल्यामागे स्टुलावर बसलेली मालकीण काही केल्या उठायचं नाव घेईना. अर्ध्या तासानं ती उठली, तेव्हा पाव किलो सापडलं. बावीस ग्रॅम कमी होतं. सुटलेलं वजन हेच खोटं वजन, हा धडा काकांनी त्या दिवशी घेतला आणि पुढे येईल त्याच्या डोक्यात हाणला.

दुसरा नियम असा की कुठल्याही पंचानं आपल्या नातेवाइकाची परीक्षा घेऊ नये. एका वर्षी काका आजारी असताना खजिनदारानं आपल्या भाच्याला चार मिनिटांत पास केलं होतं. त्या भाच्याला पुत्र म्हणजे पाळकांचा मुलगा वाटत होता.

आता त्यांच्या घरचं. घर दुमजली आणि अरुंद. खाली काका, वर मुलगा आणि सून, जिना मधोमध. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी आणि बापासमोर मूग गिळून बसे. सून एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे ती घरी फारसं बोलत नसे, पण विसरतही नसे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. काकांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही, पण त्या नऊ वर्षांत घराण्याच्या नाकाचा विषय मात्र दर रविवारी निघे. मधे उंचवटा असलेलं ते नाक आजोबांचं, वडिलांचं, त्यांचं, मुलाचं. पुढे कुणाचं, हे ते विचारत नसत. नुसतं नाक चोळत.

दहाव्या वर्षी मुलानं आणि सुनेनं अनाथाश्रमातून एक मुलगी आणली. अडीच-तीन वर्षांची, बसक्या नाकाची, जाईल तिथे सगळं हातात उचलून बघणारी. न्यायालयाचा कागद मुलानं बापापुढे ठेवला. काकांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, मोहोर एका बाजूला पुसट उठली आहे हे बघितलं आणि कागद परत दिला. मुलगी तेव्हा टेबलाखाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती.

‘ठसा मारल्यानं किलो किलो होत नाही,’ काका म्हणाले.

देवाच्या पुत्राविषयीचं आपलं सगळ्यात सुंदर वाक्य त्यांनी एका पोरीच्या डोक्यावरून असं फेकलं आणि उठायला गेले. नाड्या बांधलेल्या होत्या म्हणून धडपडले. सुनेनं त्यांना सावरलं. त्या दिवसापासून तिनं सासऱ्याशी जेवण झालं, औषध घ्या, पाणी गेलंय, याच्यापलीकडे बोलणं ठेवलं नाही.

काका दुष्ट नव्हते, असं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. ते स्वतःही तसंच म्हणत. पोरीला त्यांनी कधी मारलं नाही, तिच्या ताटातलं काढलं नाही. तिच्यासाठी बूट आणले ते मोजून बरोबर मापाचे आणले. फक्त तिला नात म्हटलं नाही. कुणी विचारलं तर ‘मुलाकडची आहे’ म्हणत. ती आजोबा म्हणून हाक मारी, तेव्हा ‘हं’ म्हणत. त्यात तिचा दोष नाही, असंही वर सांगत, जणू दोषाचा विषय तिनंच काढला होता.

पोरगी मात्र त्यांना सोडायला तयार नव्हती. काका बाजारातून आले की ती जिन्यावरून धावत खाली येई आणि स्वयंपाकघरातल्या काट्यासमोर गुडघे टेकून बसे. काका वस्तू ठेवत, ती आकडा वाची. सहा वर्षांची असताना काकांनी घाईनं कांदे उचलले, तर तिनं त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘थांबा आजोबा, काटा अजून हलतोय.’ एकतीस वर्षांत खात्यातल्या एकाही मदतनिसाला हे सांगायचं सुचलं नव्हतं. काकांना आतून काहीतरी झालं. ते त्यांनी कुठेही नोंदवलं नाही. काटा थांबल्यावर कांदे उचलले आणि ‘हं’ म्हणाले.

ती तेरा वर्षांची झाली, तेव्हा तिच्याबरोबरीची मुलं परीक्षेला बसायला लागली आणि तीही बसते म्हणाली. वर बरीच खलबतं झाली. सून म्हणाली की नको, तो माणूस तिला चारचौघांत नापास करील. मुलगा म्हणाला की नियमच आहे, बाबांना तिची परीक्षा घेताच येणार नाही, दुसरा कुणीतरी घेईल. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बापाचा एखादा नियम सोयीचा वाटला होता. पोरीला यातलं काही नको होतं. तिला त्या मेजाशी सगळ्यांबरोबर बसायचं होतं, आणि आजोबांनी एकदा तिच्याकडे बघून डोळे मिटून ‘बरोबर’ म्हणायला हवं होतं. हे दुसरं तिनं फक्त आईला सांगितलं.

पाळक काकांकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि चहा संपेपर्यंत हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले की यंदा उमेदवारांत तुमची ही, म्हणजे घरचीच आहे, तर नियमाप्रमाणे परीक्षा मी घेऊ का?

‘कशाला?’ काका म्हणाले. ‘ती माझी नातेवाईक नाही. नियम आड येत नाही.’

पाळकांनी रिकाम्या कपात बघितलं. जिन्यावर पावलांचा आवाज झाला आणि थांबला. आपल्या खुर्चीसाठी माणूस काय काय गमावायला तयार होतो! तीस वर्षं जी खुर्ची कुणाला नको होती, तीही काकांना एका दिवसापुरती सोडवेना. आणि तिच्यावर बसून राहायला त्यांनी पाट म्हणून काय घेतलं, तर त्या पोरीचं परकेपण. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांच्यासारख्यांना बघूनच कुणीतरी म्हटलं असेल. पाळक ‘बरं तर’ म्हणाले आणि त्यांना कुठंतरी जायचं आठवलं.

पुढचे तीन आठवडे वरच्या मजल्यावरून पाठांतर ऐकू येत राहिलं. सून पुस्तिका धरून विचारी, पोरगी सांगे. काका खाली वर्तमानपत्र धरून बसत आणि चूक ऐकू येते का याकडे कान लावत. चूक ऐकू आली नाही. याचा त्यांना आनंद झाला आणि आपल्याला आनंद झाला याचा रागही आला.

परीक्षा रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत होती. फाटक्या भजनपुस्तकांचे गठ्ठे, एक मोडका ऑर्गन, कुणीतरी विसरून गेलेल्या सात छत्र्या आणि मधे टेबल. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक किलोचं वजन होतं. खात्यानं बाद करून बुडावर फुली मारलेलं आणि काकांनी रीतसर अर्ज करून मागून आणलेलं. टेबलामागे काका, डाव्या हाताला पाळक, उजव्या हाताला नोंदवही घेऊन चिटणीस. या चिटणिसाचं अक्षर सुंदर होतं आणि कान त्याहून सुंदर होते. जे वहीत लिहायचं नसे ते त्याच्या बायकोमार्फत सगळीकडे जाई. सून बाहेरच्या बाकावर बसली. मुलाला दुकानात काम निघालं होतं. त्याला ते नेहमीच निघे.

पोरगी आत आली, वेणीचं टोक मुठीत धरून बसली. काकांनी तिच्याकडे न बघता पहिला प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. ‘बरोबर,’ काका म्हणाले, पण डोळे न मिटता, पुस्तिकेत बघून. तीस वर्षांत त्यांनी परीक्षेत पुस्तिका उघडली नव्हती. त्यांना ती तोंडपाठ होती. आज उघडून समोर धरली होती, आणि ती कशाला आड धरली आहे हे पाळकांनासुद्धा दिसत होतं.

दुसरा, तिसरा, सहावा, नववा. ती न अडखळता सांगत होती. पुत्र निर्माण केलेला नाही. पिता पुत्राच्या आधी नाही. आई-बापाची मुलं बापानंतर येतात म्हणून देवाकडेही तसंच असेल असं समजू नये, कारण तिथे आधी आणि नंतर नाही. बाराव्या उत्तरानंतर चिटणिसानं मान डोलावली. काकांच्या छातीत पुन्हा तेच व्हायला लागलं, जे कांद्याच्या वेळी झालं होतं.

‘आकाशातून आवाज आला, तेव्हा तो पुत्र झाला का?’ त्यांनी तेरावा विचारला.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तो पुत्र होता, म्हणून आवाज आला. ठसा मारल्यानं किलो किलो होत नाही.’

तिचा आवाज जराही हलला नाही. तिच्या दृष्टीनं ते तेरावं उत्तर होतं. टेबलाखाली नाड्या बांधणाऱ्या पोरीला ते वाक्य कुठून आठवणार? काकांना आठवलं. ‘बरोबर’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पानावर खाली गेली. चौदावा प्रश्न तिथे, त्यांच्याच शब्दांत, छापलेला होता.

हा प्रश्न त्यांनी तीस वर्षांत शेकडो जणांना विचारला होता. पोरगी घरात आल्यावरच्या दहा वर्षांतही विचारला होता. सुनेच्या धाकट्या भावालासुद्धा विचारला होता. त्या प्रश्नाच्या उत्तरातला एक शब्द त्यांना आजवर नुसता शब्द होता. तो समोर वेणीचं टोक धरून कधी बसला नव्हता. काकांच्या कपाळाला घाम आला. मग त्यांना दया आली. पोरीला तो शब्द तीन परक्या माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं उच्चारायला लावणं बरं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. परक्यांच्या यादीत त्यांनी स्वतःलाही धरलं होतं. दया ही फार सोयीची गोष्ट आहे. ज्याला लपायचं असतं त्याला ती हवी तेव्हा येते.

‘पंधरावा,’ काका म्हणाले. ‘पुत्र देह धरून आला, तेव्हा त्याचं पुत्रपण कमी झालं का?’

पोरीनं बोटांवर मोजलं. पाळकांनी वर बघितलं. चिटणिसाचे कान उभे राहिले. काकांनी प्रश्न पुन्हा विचारला. तिला येत होतं हे त्यांना ठाऊक होतं. तीन आठवडे ते खालून ऐकत होते.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘चौदावा राहिला.’

काकांनी मान वर केली नाही. तिला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ती जरा पुढे वाकली. तिच्या डोळ्यांत ना राग होता ना आगाऊपणा. काटा अजून हलतोय हे सांगताना होते तेच ते डोळे होते.

‘सुटला तर नापास होते ना मी,’ ती म्हणाली. ‘पहिल्या पानावर आहे.’

स्टुलावर बसलेली ती मालकीण काकांना आठवली. अर्धा तास ती कशी बसून होती, कुठे बघत होती, तिच्या मानेवर घाम कसा आला होता. तिची गोष्ट त्यांनी किती हसून सांगितली होती लोकांना. आज त्या स्टुलावर आपण बसलो आहोत आणि खाली काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांना कळलं.

‘चौदावा,’ ते म्हणाले. ‘पुत्र जर जन्मानं पुत्र आहे, तर आपण देवाची मुलं कशी?’

‘पुत्र एकच,’ पोरीनं सुरुवात केली. ‘तो जन्मानं पुत्र, आणि त्या जन्माला आरंभ नाही. बाकी आपण कुणीही देवाच्या घरी जन्मानं आलेलो नाही. आपण सगळे दत्तक. आणि दत्तकाला त्या घरात पुत्राशेजारी जागा आहे, कारण ती पुत्रानंच दिली आहे.’

हे काकांनी अडतिसाव्या वर्षी लिहिलं होतं, कचेरीत, दोन दुकानांच्या तपासणीच्या मधे. पुत्राचं पुत्रपण सनातन आहे हे इतक्या हिरिरीनं सिद्ध केल्यावर उरलेल्यांचं काय, असा प्रश्न पडला म्हणून लिहिलं होतं. वाक्यं बरी जमली म्हणून तेव्हा स्वतःवर खूशही झाले होते. जो एक जन्मानं आहे त्याच्यासाठी त्यांनी तीस वर्षं जगाशी भांडण मांडलं, आणि जो एक आहे त्याच्याशिवाय बाकीचे सगळे, म्हणजे तेही, त्या उंचवट्याच्या नाकासकट, कागदावर त्या घरात आले आहेत, हे स्वतःच छापून स्वतःच वाचायचं राहिलं होतं.

काकांनी पुस्तिका मिटली. डोळे मिटले.

‘बरोबर,’ ते म्हणाले.

उरलेली आठ उत्तरं त्यांनी तशीच ऐकली. सगळी बरोबर होती. चिटणिसानं नोंदवही पुढे ओढली, आजची तारीख घातली, पोरीचं नाव सुंदर अक्षरात लिहिलं आणि पुढच्या रकान्याशी लेखणी थांबवली. कुणाच्या घरची, त्यानं विचारलं, आणि परीक्षकांशी नातं काही नाही असंच लिहू ना?

‘नात,’ काका म्हणाले. ‘नात लिही.’

चिटणिसाला हे पुरेसं नव्हतं. त्याला सगळं नीट लागे. तो वाकून, पोरीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, ‘पुढे दत्तक असं लिहू का?’

‘लिही,’ काका म्हणाले. ‘पण मग सगळ्यांच्या नावापुढे लिही. पहिल्या पानापासून. माझ्यापासून सुरू कर.’

चिटणीस लेखणीचं टोक बघत राहिला. इतक्यात पाळकांना कधी नव्हे ते कंठ फुटला. तीस वर्षं या माणसापुढे माना डोलावून त्यांची मान दुखत होती, आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘पण काका, मग नियमाचं काय? नात असेल तर तुम्हाला परीक्षा घेता येत नाही. ही झालेली धरता येणार नाही.’

तो दिवस एरवीचा असता तर काकांनी पाळकांना उभं चिरलं असतं. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं. ती घाबरली होती; बावीस उत्तरं देऊन पुन्हा परकी ठरवतात की काय, असं तिला वाटलं असावं. आता फक्त ‘माझं चुकलं, नात नव्हे’ म्हटलं की खुर्ची राहत होती आणि परीक्षाही राहत होती.

‘नियम मीच केलाय,’ काका म्हणाले आणि उठले. ‘खुर्ची घ्या. पहिल्यापासून विचारा. आणि एकही सोडू नका.’

पुस्तिका त्यांनी पाळकांच्या हातात दिली. पोरीजवळून जाताना क्षणभर थांबले. काय करायचं ते त्यांना सुचेना. अशा कामाचा सराव नव्हता. शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवला, वजन ठेवतात तसा, अलगद, आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर सून मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सासरा एकटा बाहेर आलेला बघून तिचा चेहरा घट्ट झाला. नापास केलंत ना, एवढंच तिनं विचारलं. दहा वर्षांत औषधपाण्यापलीकडचं ते पहिलं वाक्य होतं.

‘मी नापास,’ काका म्हणाले. ‘एक प्रश्न सोडला.’

सुनेनं कितवा, असं विचारलं नाही.

‘तुम्ही तो सोडाल हे मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तिला सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू या, आजोबा काय करतात.’

मग तिनं बाकावरची आपली छत्री उचलून खाली ठेवली. काका तिथे बसले. आत पाळक विचारत होते, पोरगी सांगत होती. पाळकांनी एकही प्रश्न सोडला नाही, कारण त्यांना एकही येत नव्हता. ते ओळीवर बोट ठेवून वाचत होते. दहावा झाला, बारावा झाला, ठशाचं वाक्य झालं. पुढचं उत्तर सुरू झालं तशी सुनेनं मान वळवून सासऱ्याकडे बघितलं. आपण सगळे दत्तक, असा पोरीचा स्वच्छ आवाज दाराच्या फटीतून आला.

बाकावर काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘बरोबर.’